सड्यावरचा धूर

ज्योतिबाशी वाघजाईवाडीनं बोलणं टाकलं होतं, आणि त्यात गावाचं सगळंच चुकलं होतं असंही म्हणता येत नाही. माणसानं नोकरी करावी, पण ती स्वतःच्याच भावकीवर नजर ठेवायची नसावी. ज्योतिबाची नेमकी तीच होती. गावामागं डोंगर, डोंगरमाथ्यावर सपाट खडकाळ सडा, आणि सड्याच्या गावाकडच्या कडेला फॉरेस्ट खात्यानं दगड रचून, वर पत्रा टाकून उभी केलेली एक खोपी. शिमगा जवळ आला की ज्योतिबानं त्या खोपीत जाऊन राहायचं आणि पाऊस लागेपर्यंत चहूकडं बघत बसायचं. कुठं धूर दिसला की पायवाटेनं उतरून चौकीवर वर्दी द्यायची. काम एवढंच. गावातली रिकामटेकडी माणसं पारावर बसून वर्षानुवर्षं हेच काम फुकट करतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. ज्योतिबाला त्याचा पगार मिळायचा, हे लोकांना जास्त झोंबायचं.

आता तिकडचे डोंगर पेटतात कशानं, तर माणसं पेटवतात म्हणून. जुनं गवत जाळलं की पावसात नवं दाट येतं, अशी एक समजूत. आणि दुसरं म्हणजे नवस. लग्नाला वर्षं उलटली, कूस उजवली नाही, की बाई वाघजाईपुढं पदर पसरून म्हणते, ‘पोर दे, तुझा डोंगर पेटवीन.’ पोर झालं की घरातलं कुणी तरी देवळामागं जाऊन काडी ओढतं. फॉरेस्टवाल्यांच्या लेखी हा गुन्हा, गावाच्या लेखी हे देवीचं देणं. या दोघांच्या मध्ये ज्योतिबा, पत्र्याखाली.

मूळचा तो पलटणीतला. तरुणपणी भरती झाला, आणि तिथंही त्याच्या नशिबी टेहळणीच आली. दुर्बीण घेऊन टेकडीवर बसायचं, समोरच्या डोंगरात काय हलतंय ते बघायचं, खाली कळवायचं. डोळा तेज आणि बोलणं कमी, त्यामुळं साहेब लोक खूश असायचे. काश्मिरातल्या अशाच एका टेकडीवर तो बसलेला असताना इकडं त्याची बायको रंगूबाई तापानं गेली. तार हातात पडली तोवर तेराव्याचं जेवणही उरकलं होतं. मागं रांगती पोरगी, शालू. तिला धाकट्या भावानं, दादासोनं, आपल्या पोरांत वाढवलं. ज्योतिबा रजेवर यायचा, पोरीला फ्रॉक आणायचा आणि तो दर वेळी आखूड व्हायचा, कारण त्याच्या डोक्यातली शालू गेल्या रजेएवढीच असायची. पेन्शन घेऊन तो कायमचा घरी आला तेव्हा शालूचं लग्न ठरलेलं होतं. गावातलंच स्थळ, वरच्या आळीतल्या तानुबाईचा मुलगा. बापाला फक्त अक्षता टाकायच्या उरल्या होत्या.

घरात करमेना, दादासोच्या पोरांना हा अनोळखी म्हातारा आवडेना, म्हणून त्यानं राखणदाराची नोकरी धरली. पहिल्याच उन्हाळ्यात पलीकडच्या टेकाडावर धूर दिसला. पलटणीची सवय. धावत जाऊन वर्दी दिली. कुणी लावला हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यानं फक्त धूर सांगितला. खात्याची माणसं आली, चौकशी झाली आणि निघाला कोण, तर शालूचा सासरा. म्हाताऱ्याला तालुक्याला नेलं, कोठडीत बसवलं, दंड केला. तो घरी आला तो पडवीच्या कोपऱ्यात बसला. पारावर जाणं सोडलं, माणसांत येणं सोडलं, आणि पुढं लवकरच गेला. ज्योतिबा मयताला गेला तेव्हा तानुबाई दारात आडवी उभी राहिली. “इवाई, ह्या उंबऱ्याला परत पाय लावू नगा,” म्हणाली. शालू आत होती. ती बाहेर आली नाही.

त्यानंतर त्याची वर्षं सड्यावरच गेली. पावसाळ्यात दादासोच्या गोठ्याशेजारच्या खोलीत, बाकी सगळा काळ, कामाचे दिवस नसले तरी, वर. किराणा आणायला खाली उतरला की माणसं बोलत बोलत गप्प व्हायची आणि तो गेला की पुन्हा सुरू व्हायची. वर मात्र तो मोठ्यानं बोलायचा. दिवस मावळायला लागला की खोपीपुढं ताठ उभा राहून वर्दी द्यायचा, “पश्चिमेला काही न्हाई. दक्षिणेला काही न्हाई.” ऐकायला कुणी नसायचं. स्वतःचा आवाज कानावर पडला की भाकरी खायला बसायचा. त्याला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायला कुणी नाही याचं दुःख त्याहून जास्त.

तो त्र्याहत्तरचा उन्हाळा, मोठ्या दुष्काळातला. पूर्वेकडचे तालुके पार होरपळले होते, तिकडची माणसं खडी फोडायच्या कामावर होती. डोंगराकडं पाणी तरी होतं, पण गवत असं वाळलं होतं की पायाखाली चुरा व्हायचा. शिमग्याच्या आधी एका सकाळी ज्योतिबाला पायवाटेनं एक बाई वर येताना दिसली. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं. चालीवरून त्यानं ओळखलं. ओळखलं आणि काय करावं ते न सुचून त्यानं खोपीपुढचं आधीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं.

“आबा,” शालू म्हणाली.

“बस. पानी दिऊ?”

तिनं गाठोडं सोडलं. भाकरी, लसणाची चटणी, कांदा. पोर खाली ठेवलं. नाव ठेवलं होतं लालासाहेब. अंगावर मूठभर मांस नाही आणि नाव सरदाराचं. ज्योतिबानं नातू पहिल्यांदा बघितला तो असा, जमिनीवर बसून खडा तोंडात घालताना.

“नवस हाय, आबा,” शालू म्हणाली. “म्याच बोललेवते वाघजाईला. आता ह्यो झाला, पर ह्येच्या अंगाला काय लागंना. सासूबाई म्हंत्यात, देवीचं देणं ऱ्हायलंय. डोंगर पेटवल्याबिगर जावळ काढायचं न्हाई.”

“मग माज्यापशी कशापाई आलीस?”

“तुमी हितं बसल्यावर पेटवायचं कसं? तुमी वर्दी देनार. आन् परत...” सासऱ्याचं नाव तिनं काढलं नाही.

ज्योतिबानं पोराच्या तोंडातला खडा बोटानं काढला.

“वर्दी दिऊ नगा, आबा. येवडी एकच. मग जावळाला तुमी यायचं. पोराला मामाच्या मांडीवर बसवत्यात. मला भाऊ न्हाई. मामा न्हाई तर आज्ज्याच्या मांडीवर बसंल. सासूबाईंकडनं तेवडं कबूल करून घेतलंय म्या.”

एवढ्यात लालासाहेबांनी हात वर करून आज्ज्याच्या मिशीचं टोक धरलं आणि ओढलं. आख्ख्या पलटणीत कुणाची ती छाती झाली नव्हती. ज्योतिबाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिशी ओढल्यानं आलं असं त्यानं शालूला दाखवलं.

“रंगपंचमीला म्या बाजारला जानार हाय,” तो म्हणाला. “लय सामान आणायचं हाय. यायला येळ लागंल.”

शालूनं वाकून पायावर डोकं ठेवलं आणि पोराला घेऊन खाली गेली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच खोपीत माणसानं बांधून आणलेली भाकरी होती. त्यानं ती संध्याकाळपर्यंत पुरवून पुरवून खाल्ली.

रंगपंचमीला तो खरंच बाजारात गेला आणि डोंगराकडं पाठ करून चहाच्या टपरीवर बसला. दुपार झाली तशी माणसं डोंगराकडं बघायला लागली, मग त्याच्याकडं. “आबा, मागं बघा की जरा,” कुणी तरी खोडी काढली. “आज सुट्टी हाय,” म्हणून ज्योतिबानं दुसरा चहा सांगितला. पण तो काही त्याला गोड लागला नाही.

वाघजाईचं देऊळ माथ्यावरच, आणि देवळामागची उतरण म्हणजे सड्याच्या पार पलीकडची, कोकणच्या अंगाची. शालूला वाटलं होतं तेवढ्यावर आग थांबली नाही. वाळलेलं गवत, त्यात कारवीचं रान, वर पूर्वेचा वारा. पुढचे तीन दिवस कडा धुमसत होता आणि धूर खाली कोकणावर, समुद्राच्या दिशेनं लोळत चालला होता. ज्योतिबानं ओल्या डहाळ्या घेऊन एकट्यानं जमेल तेवढी कड झोडपली. हाताला फोड आले. चौकीवर गेला नाही. पुढच्या खेपेला तिथल्या गार्डनं सहज विचारलं, “सगळं ठीक?” आणि तो म्हणाला, “ठीक.”

जावळाचा दिवस ठरला. सांगावा येईल म्हणून ज्योतिबानं पेटीतला फेटा काढून उन्हात टाकला. सांगाव्याऐवजी आली जीप.

जीप गावात थांबली. आतून पँट-बुशशर्ट घातलेला, चष्मेवाला एक तरुण साहेब उतरला आणि त्यानं चारचौघांत विचारलं, “ज्योतिबा राखणदार कुठं भेटतील?” त्याच्या काखेत कागदाची एक लांब सुरळी होती. गावानं बोटानं डोंगर दाखवला आणि साहेब बुटांनी घसरत, झुडपांना धरत वर चढताना पार नजरेआड होईपर्यंत पाहिला.

“मी अजितकुमार,” वर पोचल्यावर धापा टाकत तो म्हणाला. “पुण्याच्या वेधशाळेत असतो. तुमचं नाव चौकीवर कळलं. मूळचा सांगलीचा. हळदीच्या पेठेत वडिलांचं दुकान आहे.” ज्योतिबानं गुळाचा कोरा चहा केला. अजितकुमारनं तो आवडीनं घेतला, आणि ‘ज्योतिबा’ म्हणता म्हणता कधी ‘आबा’ म्हणायला लागला ते त्यालाही कळलं नाही.

मग त्यानं सुरळी उलगडली. राखाडी, धुरकट, आडव्या रेघांचं एक चित्र.

“हे बघा आबा. आभाळात पार वरती एक यंत्र फिरतंय, उपग्रह. रोज सकाळी आपल्यावरनं जातं. खाली बघत जातं आणि जे दिसेल ते तिथूनच कळवत जातं. आम्ही पुण्यात गच्चीवर अँटेना त्याच्या मागं मागं फिरवायचा, आणि आत कागदावर एकेक रेघ उठत चित्र तयार होतं.”

ज्योतिबानं चित्राकडं आणि मग वर आभाळाकडं बघितलं. “मंजी बसायचं, बगायचं आन् खाली वर्दी द्यायची.”

“अगदी तसंच.”

“एकलंच असतंय व्हय त्ये?”

“एकटंच,” अजितकुमार म्हणाला.

ज्योतिबाला त्या यंत्राबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

चित्रात डावीकडं काळं पाणी होतं, तो समुद्र. मधे किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ. आणि किनाऱ्यावरून पाण्यावर पसरलेला एक पांढुरका फराटा. “हा रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा,” अजितकुमारनं बोट ठेवलं. “काळ्या पाण्यावर स्वच्छ दिसतो. पण जमिनीवर आला की जमिनीच्या रंगात मिसळून जातो, त्यामुळं सुरू कुठनं झालाय ते कळत नाही. तुमच्या या डोंगरावरनं निघाला असेल तर तो धूर. पार मागनं, पूर्वेकडनं आला असेल तर धूळ. माणसानं जवळनं बघितलेलं असल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून आलो.”

त्यानं बोट चित्राच्या उजव्या कडेला नेलं. “जतला माझे चुलते असतात, तवनाप्पा. यंदा त्यांच्या रानातली माती वाऱ्यानं उडून गेली, खडक उघडा पडला. बघवत नाही. ती माती समुद्रापर्यंत जातेय असं दाखवता आलं, तर मोठमोठ्या लोकांचं लक्ष तिकडं जाईल असं मला वाटतंय. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ? तुम्ही इथं होता. तुम्ही काय बघितलं ते सांगा. धूर होता का धूळ?”

पलटण सोडल्यापासून ‘तू काय बघितलंस’ असं ज्योतिबाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते आज, आणि ज्या एका वणव्याविषयी विचारू नये त्याच वणव्याविषयी. फोड आलेल्या तळहातांकडं त्याची नजर गेली. धूर म्हटलं की वर्दी न दिलेला वणवा उघडा पडणार. खात्याची माणसं येणार. शालूच्या दारात दुसऱ्यांदा. आणि जावळ चार दिवसांवर आलेलं.

“धूळ,” तो म्हणाला. “उगवतीकडनं आल्ती. तांबडी.”

“नक्की ना?”

“डोळ्यांनी बगितली, सायब.”

अजितकुमारनं पेन्सिलनं चित्रावर खूण केली. त्याचा चेहरा उजळला, आणि ते बघून ज्योतिबाला आणखीच कसंनुसं झालं. “त्या पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन येऊ या का?” अजितकुमारनं उत्साहानं विचारलं.

“ऊन लय हाय. आन् वाट मोडलीया तिकडची.”

वाट चांगली धडधाकट होती. अजितकुमारनं बिचाऱ्यानं मान हलवली आणि खोपीच्या सावलीत पुन्हा मांडी घातली. उन्हं कलेपर्यंत तो बसला. पलटणीचं विचारलं, काश्मिराचं विचारलं, घरी कोण म्हणून विचारलं. ज्योतिबानं लेकीचं सांगितलं, नातवाच्या जावळाचं सांगितलं, मिशी ओढल्याचं तर दोनदा सांगितलं. एवढं तो वर्षभरात बोलला नसेल.

जीप गेली आणि गावानं हिशेब मांडला. साहेब आला, कागद घेऊन आला, ज्योतिबाचं नाव घेत आला, दिवसभर वर बसला. आता यात न समजण्यासारखं काय होतं? जावळाचा सांगावा आलाच नाही. शेवटी आदल्या दिवशी ज्योतिबा फेटा बांधून आपणच खाली उतरला आणि तानुबाईच्या अंगणात, उंबऱ्यापासून लांब, उभा राहिला. आळीतली माणसं जमली. दादासोही आला.

“आधी माजा मालक खाल्ला, आता लेकाच्या मागं लागलाय व्हय, इवाई?” तानुबाई म्हणाली.

“इनबाई, म्या काय बी सांगितलं न्हाई. त्यो सायब फोटू घिऊन आल्ता. आबाळातनं काडलेला.”

“आबाळातनं!” तानुबाईनं पदर खोचला. “आबाळात काय खिडकी हाय व्हय, कुनी बी डोकवाय?”

माणसं हसली. ज्योतिबानं उपग्रहाचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटायला लागलं, अगदी त्याचं त्यालासुद्धा. दारामागं शालू पोराला घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरही विश्वास नव्हता.

शेवटी दादासोनं तोड काढली. “उगं वाद कशाला? आबांनी बेलभंडारा उचलावा.”

ताटात बेलाचं पान आलं, भंडारा आला. ज्योतिबानं दोन्ही हातांत घेतलं. “वाघजाईची आन. त्या धुराचं म्या कुनापशी बोललो न्हाई. सायबानं इचारलं तवा धूळ म्हनून सांगितलं.”

बेलभंडारा उचलल्यावर मात्र शंका घ्यायची रीत नाही. पहिल्यांदा दादासोच मांडीवर थाप मारून हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी जावळ झालं. बोकड पडला, न्हावी आला, आणि शालूनं स्वतः पोर उचलून ज्योतिबाच्या मांडीवर ठेवलं. लालासाहेबांनी सूर लावला. ज्योतिबानं एका हातानं त्याची मान धरली, दुसऱ्यानं पोट, आणि मऊ मऊ केस त्याच्या धोतरावर पडत राहिले. शालू समोर बसून हसत होती. इतकं सुख त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं. नंतर जे झालं ते झालं, पण हे झालं होतं, हे कुणाला नाकारता येणार नाही.

पंगत बसली आणि विषय साहेबाचा निघाला. दादासोनं बुटांनी घसरत डोंगर चढणाऱ्या साहेबाचं सोंग काढलं. “जतची धूळ, म्हनं! घिऊन गेला पुन्याला!” कुणी चष्मा लावल्यासारखी बोटं डोळ्यांना लावली. “आमचा आबा लय भारी! सायबालाच बनिवला!” जी माणसं वर्षानुवर्षं बोलत नव्हती ती ज्योतिबाच्या पाठीवर थापा मारत होती, पानात आग्रहानं वाढत होती. ज्योतिबाही हसला. हसता हसता त्याला तो पोरगा आठवला, गुळाचा चहा घेत बसलेला, आपल्या शब्दावर विश्वास ठेवून चित्रावर खूण करणारा. त्याच्यासारखं आजवर आपल्याशी कोण बोललं होतं? भरल्या पंगतीत ज्योतिबाला सड्यावरच्यापेक्षा जास्त एकटं वाटलं.

“आता काय भ्या न्हाई,” दादासो ओरडला. “उद्या आमच्या अंगाचं बी गवात जाळून घेतो. आबा हाईत की. धूळ उडाली म्हनायचं!”

आणि त्यानं खरंच जाळलं. दादासोनं जाळलं, त्याचं बघून आणखी दोघांनी जाळलं. ज्योतिबा खोपीत बसून बघत राहिला. दुपारी वारं फिरलं आणि आग उतरणीवरच्या साळूबाईच्या गंजीत शिरली. विधवा बाई, एक म्हैस, आणि दुष्काळात जपून जपून रचलेली ती एवढीच गंजी. ती डोंगर चढून वर आली, रडत, अनवाणी.

“तू हितं बसून काय करतोस रं, ज्योतिबा?” तिनं विचारलं. “माजी म्हस आता काय खाईल?”

ती गेल्यावर तो उठला, काठी घेतली आणि चौकीवर गेला. त्यानं आजच्या वणव्याची वर्दी दिली. तेवढ्यावर तो थांबला असता तर दादासो फार तर दंड भरून चार शिव्या देऊन गप्प बसला असता. पण ज्योतिबा दाराशीच घुटमळला.

“आदीचा बी एक हाय,” तो म्हणाला. “रंगपंचमीचा. देवळामागचा.”

गार्डनं मान वर केली. “तवा का न्हाई सांगितलं?”

“चुकलो.”

“लावला कुणी?”

“म्या बगितला न्हाई. बाजारात हुतो.” हे खरंच होतं. “आन् पुन्याच्या सायबास्नी तेवडा निरोप धाडा. धूळ नव्हती म्हनावं. धूर हुता.”

कुणी लावला ते काढायला खात्याला वेळ लागला नाही. देवळामागं नवसाचे नारळ होते, गावात नुकतंच कुणाच्या पोराचं जावळ झालं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शालूच्या नवऱ्याला जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं, त्याच्या बापाला नेलं होतं तसंच. तो दुसऱ्या दिवशी सुटून आला, पण मान खाली घालून आला. ज्योतिबाची नोकरी मात्र राहिली. त्या सड्यावर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

शालू एकदाच वर आली. पोराला आणलं नव्हतं. खोपीपासून लांबच उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

“आबा,” ती म्हणाली, “तुमच्या मांडीवर पोर दिलंवतं की म्या.”

ज्योतिबाला तिला सांगायचं होतं की एक माणूस होता, त्यानं मला विचारलं, माझ्यावर विश्वास ठेवला, त्याला फसवून मला चैन पडेना. पण लेकीच्या घरापुढं पुण्याचा एक परका साहेब, हे तोंडातून निघणार कसं? तो उभाच राहिला आणि ती उतरून गेली. त्यानंतर कुणी आलं नाही. पाऊस आला, भरपूर आला, दुष्काळ हटला. त्या वर्षी ज्योतिबा पावसाळ्यातही खाली गेला नाही. दादासोच्या खोलीला कुलूप होतं.

दिवाळीनंतर सांगलीहून पुण्याला परत जाताना अजितकुमार वाट वाकडी करून आला. या वेळी पायांत कॅनव्हासचे बूट होते, आणि हातात जतहून आणलेल्या शेंगा. “चुलत्यांनी दिल्यात,” म्हणाला. दोघं उन्हात बसले. शेंगा फोडता फोडता ज्योतिबानं खाली मान घालून विषय काढला.

“सायब, माजा निरोप पोचला का? धुराचा?”

“पोचला की. पण आबा, मला ते त्याच्याआधीच कळलं होतं.” अजितकुमार सहज बोलत होता. “नंतरचे दोन दिवस आमचा अँटेना बंद होता, म्हणून त्या दिवसांची चित्रं मुंबईहून मागवली होती, ती आली. तिन्ही दिवस फराटा त्याच जागेवरून निघालेला. धूळ असती तर वाऱ्याबरोबर पुढं सरकली असती, अशी एका ठिकाणी चिकटून बसली नसती. बघितल्याबरोबर मी खूण खोडून टाकली. तुम्ही निरोप धाडला नसता तरी काही बिघडत नव्हतं.”

ज्योतिबाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मंजी... म्या सांगायच्या आदीच?”

“आधीच. आणि राग नाही हं आला मला. म्हटलं, काही तरी अडचण असेल तुमची. माणूस उगाच असं कशाला सांगेल?” त्यानं टरफलं गोळा करून बाजूला ठेवली. “ते जाऊ द्या. नातू कसाय तुमचा, मिशी ओढणारा? जावळ झालं ना झोकात? लेक येते का पोराला घेऊन वर?”

ज्योतिबानं खाली गावाकडं बघितलं. तानुबाईच्या अंगणात कुणी तरी वाळवण घालत होतं. इतक्या लांबून ती शालू आहे का दुसरं कुणी, ते त्याला आता ओळखता येत नव्हतं.

“येती की,” तो म्हणाला. “कालच यिऊन गेली. पोरगं पार दमवतंय मला.”

“वा! बरं वाटलं ऐकून,” अजितकुमार म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटलं.